डावा पाय साथ देईना

प्रश्न : सर, मी नववीत, कोल्हापूरचा. रोज संध्याकाळी मैदानावर फुटबॉलला जोरात किका मारतो. उजवा पाय झकास. पण डाव्यावर बॉल आला की सगळा घोळ. काय करू?

उत्तर : आधी तो जोर थांबव बाबा! भिंतीपासून चार पावलांवर उभा राहा. टेकवलेला उजवा पाय बॉलच्या बरोब्बर शेजारी, त्याची बोटं भिंतीकडे; डावा घोटा घट्ट, पायाच्या आतल्या बाजूनं हलकेच पास. तुझा टेकवलेला पाय मागं राहत असणार, म्हणून बॉल उडतो. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तुमच्याच गावचा. त्याच्या मॅचेस बघताना बॉल नव्हे, पाय बघ. आणि भिंत शेजाऱ्यांची असेल तर दुपारची झोप सांभाळून!