टेबल सोडू नकोस, बाकीचं बघू

अगं पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि झोपच उडाली. कोरियात येऊन केळी, दूध, बिस्किटं, कधीतरी राम्यन म्हणजे इथले इन्स्टंट नूडल्स, तेही खोलीचं दार लावून, आणि वर विचारतेस "ताई, पीएचडी सोडून परत आले तर घरचे काय म्हणतील". घरचे काय म्हणतील ते नंतर बघू. आधी मला सांग, बरोबर बाराला लॅबमधली मुलं जेवायला उठतात तेव्हा तू कुठे असतेस? "मला काम आहे, तुम्ही व्हा पुढे" असं म्हणून बसतेस ना? मला माहितीये, कारण मी पण तेच केलंय. खाण्याचं काहीतरी निघतंच, पण टेबल सोडायचं नाही.

आणि ते राम्यन. लाल पाकिटातलं शिन राम्यन इथे बनतं त्याच्या मसाल्यात बीफ असतं, तुला कुणी सांगितलं नव्हतं का? व्हेजच हवं असेल तर ओत्तोगीचं चेह्वांग घे. आता रडत बसू नको, जे पोटात गेलं ते गेलं.

तू म्हणशील टेबलावर बसून करू काय, सगळ्यात मांस. अगं सगळ्यात नसतं. भाताबरोबर छोट्या वाट्या येतात त्यात मोड आलेल्या सोयाबीनचं कोंगनामुल असतं, पालक असतो, काकडी, टोफू, भाजलेला गिम म्हणजे समुद्री शेवाळाचे पापड, आणि संपलं की परत मागायचं, पैसे पडत नाहीत. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, मांस काढून मिळतो. फक्त "कोगी आन मोगोयो", मी मांस खात नाही, एवढं म्हणून थांबू नकोस, कारण कोगी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात गाय-डुक्कर येतं, हॅम आणि फिशकेक त्यात धरतच नाहीत, मग किम्बापमध्ये, म्हणजे गिममध्ये गुंडाळलेल्या भातात, हॅमची गुलाबी पट्टी निघते आणि तू उपाशी उठतेस. हॅम, मासे, कोळंबी एकेक नाव घेऊन सांग. पहिल्याच दिवशी सांग, लाजू नकोस, आणि सांगून झालं की बस. उठू नकोस.

आता किमची. कोबीच्या त्या आंबवलेल्या लोणच्यात एकजोत म्हणजे माशाचा आंबवलेला रस असतो, बऱ्याचदा खारवलेली बारीक कोळंबी पण. दोएन्जांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपला सुक्या मासळीचं पाणी. मी हे दोन्ही खाते. माहीत असून खाते. ताटात तुकडा दिसला तर नाही, पाण्यात विरघळलेलं असेल तर डोळेझाक, ही माझी रेघ, आणि यावरून पुण्याची मावशी मला अजून ऐकवते, "मग सरळ मासेच खा की". तिला काय जातंय बोलायला. तिने थंडीत उणे दहात लॅबमधून बाहेर पडून काय खायचं हे कधी ठरवलंय? मी मांस खाल्लं नाही आणि टेबल सोडलं नाही, दोन्ही एकदम जमवायचं तर कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती मी ओढली. तुझी माझ्यापेक्षा कडक असेल तर असू दे. इथले बौद्ध भिक्षू मांस-मासे तर सोडच, कांदा-लसूणही खात नाहीत, आपल्या चातुर्मासासारखं पण बारा महिने. सेऊलला जोग्येसा मंदिराच्या समोर बालू गोंगयांग म्हणून जागा आहे तिथे तसं जेवण मिळतं. महाग आहे, पण आईबाबा आले की ने. म्हणजे तू काही जगावेगळं मागत नाहीयेस, ताठ मानेने माग.

वेळेचं पण बघ. आपल्याकडे नऊला जेवायची सवय, इथे सहाला जेवतात आणि कँटीन लवकर बंद होतं, मग तू साडेआठला भुकेली फिरतेस आणि कन्व्हिनियन्स स्टोअरमधलं केळं उचलतेस. घड्याळ इथलं लाव. आईला फोन जेवून झाल्यावर कर, साडेतीन तासांचा फरक आहे, तिकडे तेव्हा दुपारच असते.

खोलीत स्वयंपाकाची परवानगी असेल तर राइस कुकर घे, इथले बरेचसे प्रेशरवाले असतात, त्यात वरण मस्त होतं. तूरडाळ ऑनलाइन मिळते, नाहीतर इतेवॉनला मशिदीकडे चढणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानांत. पण मूग कुठल्याही सुपरमार्केटात असतात, नोकदू नावाने, सोललेलेसुद्धा. इथला भात इंद्रायणीसारखा चिकट, त्याची खिचडी आपल्या बासमतीवाल्यांपेक्षा चांगली होते हे मी लिहून देते. चोंग्यांग गोचू ही मिरची खरी तिखट, तिचा लसूण-दाणे घालून ठेचा कर आणि डबा भरून टेबलावर ने. खोलीत एकटीने खाण्यासाठी नाही सांगत आहे मी हे!

ओला कचरा वेगळा टाकायचा एवढं तुला कळलंय, पण कांद्याची सालं आणि अंड्याची टरफलं त्यात चालत नाहीत. त्यातलं बरंचसं जनावरांच्या खाद्यात जातं, म्हणून जनावर खाईल तेवढंच टाक. शेजारीण दारावर चिठ्ठी लावते ती यासाठीच असेल, तू लगेच "मी परकी म्हणून" वर गेलीस.

एक सांगते, कुणाला सांगितलं नाहीये. पहिल्या वर्षी लॅबमधल्या मुलीने तिच्या आजीकडे किमजांगला बोलावलं होतं. नोव्हेंबरात सगळं घर बसून कोबीच्या पानापानात मसाला भरतं, ते. मी डेडलाइन सांगून टाळलं, खरं कारण खायला काय देतील ही धास्ती. तेच किमजांग 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हा मी भारतातल्या मैत्रिणींना कौतुकाने लिंक पाठवत होते. मला परत कुणी बोलावलं नाही. इथे लोक एकदा विचारतात, फार तर दोनदा, मग त्यांना वाटतं हिला नकोच असेल.

शुक्रवारी होएशिक, लॅबचं एकत्र जेवण, आहे म्हणालीस आणि डोकं दुखतंय म्हणून सांगणार म्हणालीस. डोकं दुखणार नाहीये. बार्बेक्यूचं हॉटेल असलं तरी जा, सालडची पानं, भाजलेला लसूण, भात मिळेल, प्रोफेसर सुरू करेपर्यंत थांब, आणि तू वयाने लहान म्हणून चमचे मांडणं आणि पाणी ओतणं तुझ्याकडे घे. चमचे कुठे असतात ते विचारत बसू नको, टेबलाच्या बाजूला ड्रॉवर असतो त्यात बघ. दारू नको असेल तर सायडर ओतून घे, इथे ते स्प्राइटसारखं साधं पेय असतं, दोन्ही हातांनी ग्लास धर, हल्ली सहसा कुणी जबरदस्ती करत नाही. नि शनिवारी मला फोन कर, पण आधी जाऊन ये.

तुझी,
ताई