फॉर्मवर 'रोमा'वर टिक करायची भीती

इंग्लंडातल्या शाळेत शिकवणाऱ्या एका मराठी मैत्रिणीने विचारलंय, वर्गातली रोमा मुलं (रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेला समाज) आठवड्यातले दोन-दोन दिवस येतच नाहीत, घरी पत्रं पाठवून थकलो, ह्या आईबापांना शिक्षणाचं काहीच पडलेलं नसतं का गं? हे मला बरेच जण विचारतात, म्हणून शेफील्डमधली एक केस सांगते, ओळख लपवायला थोडे तपशील बदललेत.

मुलगा इयर सेव्हनचा, अकरा-बारा वर्षांचा. स्लोव्हाकिया २००४ साली युरोपियन युनियनमध्ये आल्यानंतर तिथली बरीच रोमा कुटुंबं शेफील्डच्या पेज हॉल भागात आली, त्यातलंच हे एक. जवळजवळ सगळ्या विषयांत बॉटम सेट, म्हणजे कुवतीनुसार पाडलेल्या गटांतला सगळ्यात खालचा, माझ्यासमोर तर तोंडातून शब्द नाही. एकदा असंच मी त्याला म्हटलं, तुम्ही पाण्याला काय म्हणता, तर म्हणाला 'पानी'. मग कान, नाक, माणूस असं करत बसलो, माणसाला ते 'मनुष' म्हणतात, आणि पाचाला 'पांज' म्हटल्यावर मी माझं 'पाच' सांगितलं तेव्हा पोरगं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसलं. रोमानी भाषा मूळची आपल्याकडचीच हे मी वाचलेलं होतं, पण असं समोर ऐकताना अंगावर काटा आला हो.

आईकडे तीनदा गेले. आधीच्या दोन वेळेला दुभाषी स्लोव्हाक होती, आई प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणायची आणि विषय संपायचा. तिसऱ्यांदा रोमानी बोलणारी बाई सोबत नेली तेव्हा कुठे कळलं की तिला स्वतःला लहानपणी स्पेशल शाळेत, म्हणजे मतिमंद मुलांच्या शाळेत, घातलं होतं, डोकं कमी म्हणून नव्हे, रोमा म्हणून. शेजारच्या चेक देशात ऑस्ट्राव्हाच्या १८ रोमा मुलांनी हीच तक्रार युरोपियन मानवी हक्क कोर्टात नेली होती आणि २००७ साली कोर्टाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला. तर आईला वाटलं बॉटम सेट म्हणजे तेच, म्हणून पोटात दुखतंय म्हणाला की ती त्याला घरीच ठेवायची. शाळेच्या फॉर्मवर वंशाच्या रकान्यात 'रोमा'वर टिकही तिने ह्याच भीतीने केली नव्हती. त्यामुळे शाळेच्या लेखी तो नुसता स्लोव्हाक, आणि इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा हे कुणाच्या गावीच नाही!

मग गणिताची चाचणी शब्द कमी करून परत घ्यायला लावली, आकडेमोड तर तो झरझर करायचा, वरच्या सेटला गेला. आईला घेऊन शाळेतून फिरलो, सेट म्हणजे काय, त्यातून वर कसं जातात हे वर्गात उभं राहून दाखवलं. आणि दर शुक्रवारी टीचिंग असिस्टंटचा फोन, त्यात फक्त त्या आठवड्यात त्याने काय चांगलं केलं एवढंच. सगळं लगेच सुधारलं नाही, इंग्रजीच्या तासाला तो अजूनही मागे बसतो, पण जे सोमवार-मंगळवार बुडवायचा, त्या दिवशीही यायला लागला.

तू उद्या पत्र नको पाठवूस. रोमानी बोलणारं कुणी शोध आणि आईला आधी विचार, तू कुठल्या शाळेत होतीस?