टेस्लावाला इलॉन मस्क म्हणतो नोकऱ्याच उरणार नाहीत, मग मुलाला मेकॅनिकल डिप्लोमाला घालावं का?

घाला. बेळगावात उद्यमबागेत माझं धातूचे भाग बनवायचं मशीन शॉप आहे, 24 वर्षं झाली. त्या अनुभवावर सांगतो.

एआयमुळं नोकरीची गरज संपेल, असं मस्क 2023 च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्यासमोर बोलला. कधी संपेल ते नक्की सांगता येत नाही म्हणाला. जिथं त्यानं तारीख दिली तिथलं बघा. 2016 मध्ये म्हणाला, 2017 संपायच्या आत टेस्ला गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपली आपण जाईल. 2019 मध्ये म्हणाला, पुढच्या वर्षी रस्त्यावर दहा लाखांवर रोबोटॅक्सी, म्हणजे ड्रायव्हरशिवायच्या टॅक्सी. मंगळाकडे माणूस 2024 ला निघणार होता. यातलं काहीच ठरल्या वेळी झालं नाही.

त्याच्या माणसांचं काम खोटं नाही हो. वर गेलेलं रॉकेट परत येऊन उभं राहतं, ते बघून माझ्यासारख्या मशीनवाल्याचे हात जोडले जातात. पण केलेलं काम वेगळं आणि दिलेली तारीख वेगळी.

हायपरलूपची, म्हणजे बंद नळीतून अतिवेगानं प्रवासी डबे पळवायची, कल्पनाही त्यानंच 2013 मध्ये मांडली. 2018 ला दुसऱ्याच एका अब्जाधीशाच्या, रिचर्ड ब्रॅन्सनच्या, व्हर्जिन हायपरलूपनं महाराष्ट्र सरकारशी करार केला: पुणे-मुंबई 25 मिनिटांत. आम्ही इथं चहाच्या गाड्यावर हिशोब घातला, रात्रीच्या बसनं पुण्यात उतरायचं आणि मुंबईत गिऱ्हाईकाच्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचायचं. मनापासून विश्वास ठेवला होता. 2023 च्या शेवटी ती कंपनीच बंद झाली. आम्ही अजून एक्सप्रेसवेनंच जातो.

मला राग येतो तो इथं. मी ठरल्या 15 तारखेला माल दिला नाही तर पैसे कापल्याची डेबिट नोट येते, दोनदा चुकलो तर ऑर्डर कोल्हापूरला जाते. या लोकांच्या नुसत्या बोलण्यावर शेअर चढतो, आणि तारीख चुकली तर नुकसान दुसऱ्याचं. उद्या तुम्ही मुलाचं शिक्षण थांबवलंत, तर ते तुमचं.

एआयनं काम बदलणार हे मी मानतो; ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग बदलायला लागलंच आहे, तेही त्याला शिकू दे. पण कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जरा वाकडं आलं की क्लॅम्प कुठं करायचा, किती मटेरियल सोडायचं, हे जाणणारा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, मी चार महिने शोधतोय. मिळालेला नाही.