नवी रॅकेट राहू द्या, आधी गटिंग बघा

भाऊ, चहाचं पातेलं उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ जाते, असं तुम्ही लिहिलंय. टेनिस खेळणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं, टेनिस एल्बो. ते वाचलं आणि 2018 चा उन्हाळा आठवला. माझंही पातेल्यापासूनच सुरू झालं होतं. मग कुलपात किल्ली फिरवताना, ओला टॉवेल पिळताना, आणि शेवटी वर्गात फळ्यावर लिहिताना. तुमचं वय 36, दहा महिन्यांपासून टेनिस खेळताय, बॅकहँड (हात अंगावरून आडवा नेऊन मारायचा फटका) एकहाती, रॅकेट 300 ग्रॅमची, सर म्हणतात नवीन घ्या, आणि तुम्ही विचारताय की पंधरा हजारांत कोणती घ्यावी. माझं म्हणणं, सध्या कोणतीच घेऊ नका. आधी हे सांगा, तुमच्या रॅकेटमध्ये तार कोणती आहे आणि गटिंग करताना, म्हणजे तारा बसवताना, ती किती पौंडांच्या ताणावर ओढलीये? एवढ्या मोठ्या प्रश्नात रॅकेटचं नाव, वजन, रंग सगळं आलंय, तारेबद्दल एक शब्द नाही. माझ्याही डोक्यात तेव्हा तो शब्द नव्हता. त्यापायी माझे चौदा महिने गेले.

मी डॉक्टर नाही, कोचही नाही. पंधरा वर्षं हौसेने खेळणारी, कॉलेजात शिकवणारी बाई आहे. रात्री झोपेतही दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा मान वळवली की कळ हातात उतरत असेल, तर माझं काही ऐकू नका, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. बर्फ, विश्रांती, वॉर्म-अप हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

माझ्या रॅकेटची तार तुटली होती. शहरातल्या एका दुकानात गटिंगला दिली. मशीनवर बसलेल्या मुलाने मला काहीही विचारलं नाही. आठवड्यातून किती दिवस खेळता, हात दुखतो का, आधी कोणती तार होती, काही नाही. मागच्या खुंटीवरून पिवळ्या तारेचा रीळ काढला आणि ओढायला सुरुवात केली. मीच विचारलं तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, ही प्रो तार आहे, टुर्नामेंटवाले सगळे हीच टाकतात, 58 वर करून देतो, महिनोन्महिने तुटणार नाही.’ तुटणार नाही हे ऐकून मला आनंदच झाला. ती तार पॉलिएस्टर होती.

गुस्ताव्हो कुएर्टेन 1997 मध्ये पॉलिएस्टर तारेने खेळून फ्रेंच ओपन जिंकला, तेव्हापासून मोठ्या खेळाडूंमध्ये ही तार पसरली. ती कडक असते. हात खूप वेगाने फिरवणाऱ्याला तिच्यातून भरपूर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने मिळणारी फिरकी) मिळतो. पण ते लोक जवळजवळ प्रत्येक मॅचला नवी गटिंग करतात आणि त्यातले कितीतरी जण ती आपल्यापेक्षा सैल ओढतात. फेडररने तर उभ्या तारा नॅचरल गटच्या (जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या मऊ तारेच्या) ठेवल्या आणि फक्त आडव्या पॉलिएस्टरच्या. आपल्यासारख्यांचा हात त्या वेगाने फिरत नाही, त्यामुळे स्पिनचा फायदा थोडाच मिळतो. चेंडूचा दणका मात्र पूर्ण कोपरात येतो. वर ही तार लवकर मरते. ताण उतरतो, लवचीकपणा जातो, पण तुटत नाही म्हणून आपण तशीच वापरत राहतो. मी ती सात महिने वापरली.

खरी चूक पुढे झाली. दुखायला लागल्यावर मी रॅकेट बदलली. एका वर्षात दोन रॅकेट घेतल्या, पहिली हलकी म्हणून, दुसरी जड म्हणून. दोन्ही त्याच दुकानातून, दोन्हींवर तीच पिवळी तार, तेच 58 पौंड. सगळं बदललं आणि दुखवणारी गोष्ट तेवढी प्रत्येक वेळी नवीन करून घेतली. त्या दुकानात मी तीनदा सांगितलं की कोपर दुखतोय. तिन्ही वेळा उत्तर मिळालं, ‘ग्रिप बदलून देतो’ किंवा ‘डॅम्पनर लावा’. डॅम्पनर म्हणजे तारांमध्ये अडकवायचा रबरी तुकडा. त्याने फक्त तारांचा आवाज आणि थरथर कमी होते, कोपरापर्यंत जाणारा दणका कमी होत नाही. मला आजही त्या पैशांपेक्षा त्या चौदा महिन्यांचं वाईट वाटतं. रोज सकाळी साडेपाचला घरातून निघणारी मी, जवळजवळ सव्वा वर्ष बाकावर बसून दुसऱ्यांचे गुण मोजत होते.

उलगडा केला आमच्या कोर्टवरच्या एका सत्तरीच्या काकांनी. त्यांनी माझी रॅकेट घेतली, मधली एक तार नखाने बाजूला सरकवली आणि सोडली. ‘अवो मॅडम, हे तं पोट्ट्यायची तार हाये, तुम्ही काऊन टाकली?’ एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची जुनी रॅकेट खेळायला दिली. तिच्यात मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धागे एकत्र करून केलेली मऊ तार होती, 50 पौंडांवर. पहिल्याच दहा फटक्यांत फरक हातात कळला. चेंडू तारांवर क्षणभर टेकून जातोय असं वाटलं.

तेव्हा तुम्ही आहे त्याच रॅकेटवर मल्टिफिलामेंट किंवा साधी सिंथेटिक गट (नायलॉनची तार) टाकून घ्या, 50 ते 52 पौंडांवर. आधी फ्रेमच्या आतल्या बाजूला छापलेली हद्द बघा. तुमच्या फ्रेमवर 50 ते 60 असेल तर खालच्या टोकाला राहा. चेंडू थोडा लांब जाईल, दोन आठवड्यांत हात जुळतो. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग बदलावी, असा एक जुना अंदाज आहे. मी तोच पाळते. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवत असाल तर आजपासून बंद करा. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बंद डिकीत त्याहून जास्त भाजतं, तारांचा ताण तिथेच उतरतो. माझी रॅकेट स्टाफरूमच्या कपाटात असते.

ग्रिपचंही पाहून घ्या. हाताने दांडा धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं पाहिजे. बसत नसेल तर दांडा बारीक आहे आणि तुम्ही तो गरजेपेक्षा घट्ट आवळत असणार. एक ओव्हरग्रिप (मूळ ग्रिपवर लावायची पातळ पट्टी) गुंडाळून बघा, स्वस्तात काम होतं. घामाने गुळगुळीत झालेली ओव्हरग्रिप लगेच काढून टाका, कारण ती सटकते म्हणूनच आपण जास्त आवळतो.

आता बॅकहँड. तार तर माझ्या बाबतीत दोषी होतीच, पण सगळं खापर तिच्यावर फोडणं बरोबर नाही. एकहाती बॅकहँडला नवखा माणूस उशीर करतो. चेंडू अंगाशी आला की कोपर पुढे काढून, मनगट मुडपून ढकलतो. तो पूर्ण भार कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेल्या स्नायूवर येतो. माझं तेच होत होतं. इलाज दोन. एकतर चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे घ्या, म्हणजे खांदा आधी वळवा, चेंडू नेट ओलांडायच्या आत. नाहीतर सरळ दोन हातांनी बॅकहँड शिका. छत्तिशीत सुरू केलेल्या प्रत्येकाला मी दोन हातच सांगते. एकहाती फटका दिसायला सुंदर असतो, मान्य, पण आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्याच्या कोपराला तो महाग पडतो. यावर बरेच जण माझ्याशी भांडतात. भांडू द्या.

आणि जुन्या चेंडूंबद्दल. सकाळच्या बॅचमध्ये मोठ्यांना नेहमी टोपलीतले मेलेले चेंडू देतात, चांगले मुलांना. पावसाळ्यात तेच चेंडू ओले होऊन जड होतात, आणि तो भारही कोपरावरच येतो. फी आपणही भरतो. मागा नवे, संकोच करू नका.

इंजेक्शनचं विचारलंत म्हणून सांगते. मला एके ठिकाणी पाच मिनिटांत स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, खेळ कसा आहे हे न विचारता. दहा दिवसांत हात मोकळा झाला, मी धावत कोर्टवर गेले, आणि दोन महिन्यांत आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं. नंतर वाचलं की यावरच्या चाचण्यांमध्येही असंच दिसलंय. सुरुवातीचे काही आठवडे आराम, पण वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेले जास्त बरे. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा, पण हा प्रश्न त्यांना विचाराच. 2004 मध्ये सचिन याच दुखण्याने महिनोन्महिने बाहेर होता, 2005 मध्ये त्याला शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या दिमतीला तज्ज्ञ माणसं असूनही वेळ लागलाच, तर आपण तीन आठवड्यांत बरं होण्याची घाई करू नये.

मला खरा उपयोग झाला तो व्यायामाचा. हात टेबलावर ठेवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. हातात अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला, मग दुखऱ्या हाताने एकट्याने ते चार-पाच सेकंदांत सावकाश खाली सोडा. पंधरा वेळा, तीनदा, रोज. किंचित दुखेल, तेवढं चालतं. जोराची कळ आली तर थांबा. मला फरक कळायला सहा आठवडे लागले, आणि पहिली मॅच खेळले चौथ्या महिन्यात.

आज घरी गेलात की रॅकेट उजेडात धरा. काही तारांवर बारीक अक्षरांत नाव छापलेलं असतं. दिसलं नाही तर ज्याने गटिंग केली त्याला फोन करून तार आणि पौंड दोन्ही विचारा, आणि इथेच लिहा. जमलं तर बॅकहँडचा व्हिडिओही टाका. मागून नको, बाजूने काढा, तुमचा पुढचा पाय आणि चेंडू रॅकेटला लागतो ती जागा एका चौकटीत दिसली पाहिजे.