बारावीला आहे, व्हेटर्नरीला जायचंय. गोठ्यात किती वेळ घालवू आणि अभ्यासाला किती देऊ?

प्रश्न कऱ्हाडकडच्या एका बारावीतल्या मुलाचा आहे. घरी दोन जर्सी आणि एक म्हैस, गावातल्या डॉक्टरांबरोबर व्हिजिटला जातो, आई म्हणते आधी नीट परीक्षेचं बघ. त्यानं विचारलंय की प्रवेशाला ‘अनुभवाचे तास’ किती लागतात आणि दोन्हीचा मेळ कसा घालायचा. धाकट्या भावासारखा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग नको.

तासांचं आधी सांगते. आपल्याकडं एकही लागत नाही. ते प्रकरण अमेरिकेतलं. तिथं बहुतेक मुलं आधी एक पदवी घेतात, मग अर्ज करतात आणि त्या अर्जात जनावरांबरोबर, डॉक्टरांबरोबर काढलेले तास लिहितात. तू बहुतेक तिथले व्हिडिओ बघितले असणार. आपल्याकडं बारावी पीसीबीनंतर (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) थेट नीटचे गुण बघतात. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले ३६० एकट्या बायोलॉजीचे. तू गावातल्या पन्नास गाईंची बाळंतपणं केलीस तरी त्याचा अर्धा मार्क कुणी देणार नाही.

हे मला कळायला एक वर्ष गेलं. मी विट्याजवळच्या गावची, सध्या शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. (कॉलेज सातारा जिल्ह्यात, नाव सांगलीच्या येडेमच्छिंद्रच्या माणसाचं. आमच्याकडची पोरं हे सांगितल्याशिवाय राहत नाहीत.) माझी बारावी २०२२-२३ ची, म्हणजे नेमकी लंपीच्या, गाईंच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाच्या, साथीतली. आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे मामा, जनावरांचे डॉक्टर, त्यांना तेव्हा जेवायला सवड नव्हती. गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचत गावोगाव फिरायचं, आणि बर्फाचा डबा धरायला मी मागं. घरच्यांनाही वाटायचं, पोरगी डॉक्टरच होणार आहे, शिकतीय. नीटचा निकाल लागला आणि माझा कुठंच नंबर लागला नाही.

गेलेल्या तासांनी नाही रे नुकसान झालं. व्हिजिट तासाभराची असते, ती डोक्यातून जायला रात्र जाते. अंगभर गाठी आलेला खिलार खोंड बघून आल्यावर फिजिक्सची गणितं समोर घेऊन बसायचे, आणि पान तेच उघडं.

दुसऱ्या वर्षी घरी राहूनच अभ्यास केला. सकाळी धार आणि वैरण, साडेपाच ते साडेसहा, बास. ते तसंही घरचं काम, मी केलं नसतं तर आईवर पडलं असतं. आत्याच्या यजमानांबरोबर फक्त रविवारी, तेही दुपारपर्यंत. फेब्रुवारीपासून परीक्षेपर्यंत तेही बंद. मामांनी स्वतःच सांगितलं, गाडीवर बसायला आली तर उतरवून देईन.

पण गोठा पूर्ण सोडू नकोस. त्या एका तासात हात कमी चालव आणि डोळे जास्त. एक दोनशेपानी वही कर. गाईच्या डाव्या भकाळीवर (बरगड्या आणि मांडीच्या मधला खळगा) मूठ दाबून दोन मिनिटं उभा राहा, आत पोट वळल्याचं मुठीला कळतं. धडधाकट गाईत दोन-तीनदा तरी कळायला पाहिजे. थर्मामीटर लावायला डॉक्टरांकडून शिकून घे, १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास यायला हवं. शेण कसं पडलं, रवंथ कधी सुरू झाला, ते लिही. आजारी जनावर ओळखायला आधी निरोगी जनावर पाठ पाहिजे, आणि ते घरच्या दावणीलाच होतं.

वहीतली एक नोंद सांगते. आमची चांदी रात्री अकराला व्यायली. आज्जीनं चीक काढू दिला नाही. “वार पडल्याबिगर चीक काढायचा न्हाई, गाय खराब हुती.” वार, म्हणजे वासरानंतर पडणारी झिल्ली, पहाटे पडली, मग वासराला पाजलं. चौथ्या दिवशी त्याला हगवण लागली, आठवड्यात गेलं. मी वहीत नुसत्या वेळा लिहिल्या होत्या, कारण काहीच कळलं नव्हतं. पुढं नीटसाठी मानवी प्रजननाच्या धड्यात चिकातल्या अँटिबॉडीज आल्या आणि मी ते पान परत परत वाचलं. तो धडा मला कधी पाठ करावा लागला नाही. बाकीचं इथं आल्यावर समजलं. माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडीज पोटात असतानाच वारेतून मिळतात, वासराला जवळजवळ काहीच मिळत नाहीत. त्याचं सगळं चिकावर. आणि त्या शोषून घ्यायची आतड्याची ताकद जन्मल्यापासून कमी होत जाते, दिवसभरात संपते. आज्जी वार पडायची वाट बघत होती तेव्हा तेच तास चालले होते. आता आमच्याकडं वासरू उभं राहायच्या आत चीक काढतात, आज्जी तोंड फिरवून बसते.

दोन गोष्टींना हात लावू नकोस, डॉक्टर म्हणाले तरी. वार अडकलेली किंवा गाभडलेली (गर्भ पडलेली) गाय असेल तर उघडा हात अजिबात घालायचा नाही. अशा गाईतून ब्रुसेला हा जंतूंचा आजार माणसाला होतो आणि ताप महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही. आणि इंजेक्शन टोचायचं नाही. उपचार नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचे असा १९८४ चा कायदा आहे, आणि काही बिघडलं तर गावात नाव तुझं होणार.

फॉर्मचंही बघ. नीट दिली म्हणजे आपोआप यादीत नाव येत नाही. राज्यातल्या जागांसाठी नागपूरच्या माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि १५ टक्के देशपातळीवरच्या जागांचा आणखी वेगळा. एमबीबीएसचा फॉर्म भरून निवांत बसलेली मुलं दरवर्षी भेटतात.

राहता राहिला अनुभव. साडेपाच वर्षांचा कोर्स आहे, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण इंटर्नशिपचं, तेव्हा जनावरं इतकी हाताखालून जातील की कंटाळशील. माझी रूममेट ठाण्याची. पहिल्या आठवड्यात गाईनं शेपूट हलवलं तरी मागं सरायची, आणि मी आपली ऐटीत. दिवाळीनंतर ती माझ्याइतकीच धार काढायला लागली. अॅनाटॉमीच्या हाडांत मात्र मी अजून तिच्या वह्या उतरवून घेते.