लोकलने ऑफिसला जाते. पावसाळ्यात रोजच्या वापराला किती आणि कोणते कपडे पुरतील?

सहा कुर्ते आणि चार गडद, घोट्याच्या वर येणाऱ्या पॅंट पुरतात. हिशोब वाळवणाचा आहे: जुलैत घरातल्या दोरीवर कपडा कडक वाळायला दोन दिवस सहज जातात, म्हणजे एक अंगावर, दोन दोरीवर, बाकी हाताशी. कापड सुती-पॉलिस्टर मिश्र घ्या. निव्वळ सुती पाणी धरून ठेवतं, आणि जीन्सचा कमरपट्टा नि खिसे तिसऱ्या दिवशीही दमट लागून कुबट वास मारतात. रेयॉन भिजलं की कमजोर होतं, शिवणीपाशी उसवतं. पलाझो तर नकोच, प्लॅटफॉर्मवरचा चिखल घेरातून वर चढतो. घाम फार येत असेल, तर मात्र पॉलिस्टर निम्म्याहून कमी असलेलं कापड बघा. पॉलिस्टरमध्ये घामाचा वास बसतो, धुतल्यावरही सहज जात नाही.