हॉट टबच्या पंपाखाली रोज पाणी साचते. पंप बदलावाच लागेल का?

प्रश्न: आम्ही गेल्या वर्षी ओहायोत, क्लीव्हलंडजवळ घर घेतले. मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी ठेवून दिलेला सहा जणांचा हॉट टब आहे. तो अठरा-एकोणीस वर्षांचा असावा. कडेचे झाकण काढले की पंपाखाली रोज सकाळी पाण्याचे थारोळे दिसते, आणि दोन दिवसांत टबातली पातळी बोटभर उतरते. मोटर आवाज न करता चालते आणि जेटही जोरात उडतात. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी एक नजर टाकून पूर्ण पंप बदलायला सांगितला, तर शेजाऱ्यांनी टबात ओतायचे गळती बुजवणारे द्रावण सुचवले. सासूबाईंच्या गुडघ्यांना संध्याकाळचे ते गरम पाणी फार मानवते, त्यामुळे टब बंद ठेवणे जिवावर येते. पंप दुरुस्त होऊ शकतो का, आणि हे काम घरी करता येईल का? – एक वाचिका, ओहायो

उत्तर: पंप दुरुस्त होऊ शकतो, आणि मोटर अजून आवाज करत नाही ही तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली बातमी आहे. मात्र काहीही विकत आणण्यापूर्वी पाणी नेमके कुठून येते ते शोधून काढा. थेंब नेहमी सर्वांत खालच्या जागेवरून पडतो, त्यामुळे तो जिथे पडतो तिथेच गळती आहे असे समजून लोक फसतात.

आधी विजेबद्दल. तुमच्या आकाराचा टब अमेरिकेत सहसा 240 व्होल्टवर चालतो आणि तुम्ही ओल्या जमिनीवर गुडघे टेकून काम करणार आहात. तिथल्या विद्युत नियमांनुसार टबाचा वीज तोडणारा स्विच टबापासून निदान 5 फूट दूर आणि नजरेच्या टप्प्यात असावा लागतो. तो बंद करा. जुन्या घरात तो नसला तर मुख्य पॅनेलमधला ब्रेकर पाडा आणि घरातल्या सर्वांना तसे सांगून ठेवा. मोटरच्या पाठीवर उंचवटा दिसतो, त्यात बहुधा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो आणि वीज गेल्यावरही त्यात विजेचा भार शिल्लक राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नका. विजेच्या जोडणीबद्दल जराही शंका वाटली, तर तेवढे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

आता पंपाचा सगळा भाग फडक्याने कोरडा पुसा, खाली टिश्यू पेपर पसरा आणि हातात टॉर्च घेऊन अर्धा तास थांबा. पाइप जिथे पंपाला जोडले आहेत त्या युनियनच्या मोठ्या नटांवर ओल आली, तर आतली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, कडक झाली आहे, आणि ती बदलली की काम झाले. पंपाच्या खालच्या अंगाला पाणी काढण्याचे बूच असते, तेही तपासा. पण ओल मोटर आणि पंपाच्या प्लॅस्टिकच्या कवचाच्या मधल्या फटीत, शाफ्टच्या (मोटरच्या फिरणाऱ्या दांड्याच्या) खाली दिसली आणि तिथे क्षारांचा पांढरट ओघळही सापडला, तर दोष शाफ्टच्या सीलमध्ये, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भागात आहे. अठरा वर्षांच्या टबात माझा पहिला संशय याच सीलवर जातो.

हे सील आपल्याला अगदीच नवे नाही. गावाकडे गच्चीच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरचे सील गेले की मिस्त्री जो भाग बदलतो, त्याच जातीचा हा आहे. सिरॅमिकची एक पांढरी चकती रबराच्या वाटीत बसून स्थिर राहते. काळ्या कार्बनची दुसरी चकती स्प्रिंगच्या दाबाने तिला चिकटून शाफ्टबरोबर फिरते. दोन्हींचे तोंड आरशासारखे गुळगुळीत असते आणि मधल्या पाण्याच्या अतिशय पातळ थरावर त्या सरकतात. म्हणूनच पंप क्षणभरही कोरडा चालवू नये, आणि म्हणूनच शेजाऱ्यांनी सुचवलेले द्रावण इथे उपयोगाचे नाही: पाइपातली बारीक चीर ते कदाचित बुजवील, पण सतत फिरणाऱ्या दोन तोंडांमध्ये ते टिकून राहणार नाही.

पंपाच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असतील तर ते बंद करा. नसतील किंवा नीट मिटत नसतील, तर टब रिकामा करण्यावाचून इलाज नाही, आणि सहा जणांच्या टबात तीनशे ते चारशे गॅलन पाणी असते हे ध्यानात ठेवा. तारांचे फोटो काढून मगच त्या सोडवा. पंपाच्या पुढच्या कवचाचे बोल्ट काढले की इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा दिसतो. बहुतेक पंपांत तो शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो, आणि मोटरच्या मागच्या टोकाला शाफ्ट पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने धरून तो घड्याळाच्या उलट दिशेने सोडवता येतो. जुने सील सोबत नेऊन तंतोतंत तसेच आणा, कारण सारखी दिसणारी सील मापात वेगळी निघतात; किंमत साधारण वीस-पंचवीस डॉलर पडेल. कवचाची ओ-रिंगही त्याच वेळी बदला.

नवे सील बसवताना घाई करू नका. सिरॅमिकच्या चकतीची चकचकीत बाजू कार्बनकडे यायला हवी. ती उलटी बसली तर सगळी मेहनत वाया जाते. दोन्ही तोंडांना उघडे बोट लावू नका, लागलेच तर स्वच्छ कपड्यावर अल्कोहोल घेऊन पुसा. चकती आत ढकलताना कठीण हत्यार टेकवू नका, मऊ कापड मध्ये ठेवून अंगठ्यांनी सगळीकडून सारखा दाब द्या. ओ-रिंगला सिलिकॉनचे वंगण लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगते.

इम्पेलर काढलेला असतानाच शाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो खरखरत असेल, हलत असेल किंवा मोटर चालताना किंचाळत असेल, तर पाणी पुढच्या बेअरिंगपर्यंत पोहोचले आहे, आणि मग नुसते सील बदलून भागणार नाही. अशा वेळी त्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर ठरेल आणि पूर्ण पंप घेणेच शहाणपणाचे होईल. त्यासाठी व्होल्टेज, वेगांची संख्या, पाइपांची मापे आणि मोटरची फ्रेम, म्हणजे तिच्या आकाराचा ठरीव क्रमांक, जुळवावी लागते. 48 फ्रेमच्या मोटरचा व्यास साधारण साडेपाच इंच, तर 56 ची साडेसहाच्या आसपास. म्हणूनच हे काम लांबवू नका, कारण आज गळणारे पाणी रोज त्या बेअरिंगच्या शेजारूनच वाहते आहे.

तुमच्याकडच्या थंडीचाही विचार करा. गोठणबिंदूखाली पंप उघडा पडला आणि आत पाणी राहिले, तर गोठताना ते पंपाच्या कवचाला तडा देते. शक्यतो बर्फ पडण्यापूर्वी हे काम उरका. हिवाळ्यातच करावे लागले, तर नवे सील हातात आल्यावरच पंप खोला आणि त्याच दिवशी बंद करा. पुढे पाण्याचा पीएच, म्हणजे त्याच्या आम्लतेचे माप, 7.2 ते 7.8 या टप्प्यात ठेवा. आम्ल पाणी रबर आणि धातू खाते, तर क्षार साचून सीलची तोंडे झिजतात.

टब भरल्यावर जेट उडाले नाहीत तर घाबरू नका, पंपात हवा अडकलेली असते. वीज बंद करून पंपाच्या वरच्या युनियनचा नट किंचित सैल करा, फसफसत हवा निघून पाणी येऊ लागले की तो आवळा. त्यानंतर पंपाखाली नवा टिश्यू पेपर ठेवून टब रात्रभर चालू द्या. पाणी तापायला तेवढा वेळ लागतोच. सकाळी कागद कोरडा दिसला तर कडेचे झाकण लावून टाका.